माणसं येत नाहीत म्हणतेस

सांगली

चि. भाचीबाई,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. मोबाइलवर अंगठ्याने उत्तर देण्याजोगा तो विषय नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. संस्थेची कार्यवाह झालीस याचं अभिनंदन फोनवर केलंच होतं. तेव्हा तू हसत होतीस. आता म्हणतेस, 'मावशी, पुराच्या वेळी पाय ठेवायला जागा नव्हती इतकी माणसं होती, आणि आज शनिवारच्या अभ्यासवर्गाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी येतात. लोकांना कशाचं काही पडलेलं नाही.'

हे शेवटचं वाक्य आधी टाकून दे. ते एकदा तोंडात बसलं की पुढची वीस वर्षं जात नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या संस्था तेच म्हणत म्हणत म्हाताऱ्या झाल्या. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेतून गेली, तेव्हा फावडी आणि घमेली घेऊन आलेली माणसं कुठल्या वेगळ्या मातीची नव्हती. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पाण्यात गेली, याचं दुःख झालेली माणसंही याच गावातली. माणसं तीच आहेत, काम वेगळं आहे. पुरातलं काम डोळ्यांना दिसतं. दुकानातला चिखल संध्याकाळपर्यंत निघतो आणि काढणाऱ्याला तो निघालेला दिसतो. काय करायचं हे कुणी सांगावं लागत नाही. तुमच्या अभ्यासवर्गाचं तसं नाही. मूल आज वाचायला शिकलं, असं एका शनिवारी म्हणता येत नाही. म्हणून पुरात जे आपोआप होतं, ते इथे कुणीतरी बसून घडवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे तू.

दिवाळीनंतर मी तुमच्याकडे होते, तो शनिवार आठव. मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मी शाळेच्या पायरीवर बसून पाहत होते. वर्ग चारचा. चारला पाच कमी असताना खेर्डीहून एक मुलगी शेअर रिक्षाने आली. एक मुलगा स्वतःच्या पैशाने स्केचपेनांचं पाकीट घेऊन आला होता. दाराला कुलूप. किल्ली खजिनदारांकडे, खजिनदार लग्नाला. फोनाफोनी झाली. पोरं मैदानात पांगली, काही घरी गेली. पावणेपाचला किल्ली आली आणि मग कुणी कुठल्या मुलांना घ्यायचं यावर उभ्या उभ्या चर्चा सुरू झाली. स्केचपेनवाल्या मुलाने पाकीट उघडलंच नाही. जाताना खिशात घालून घेऊन गेला. तू सगळ्यांना 'सॉरी हं' म्हणालीस, तेही हसले. या दिवसाबद्दल कुणी कधी तक्रार करणार नाही. फक्त पुढच्या शनिवारी कुणाला तरी 'घरी पाहुणे' येतील आणि मग ते पाहुणे दर शनिवारी येतील.

तेव्हा पहिलं काम, किल्ल्या तीन कर. हे लिहिताना मलाच हसू येतं, पण स्वयंसेवकांचं व्यवस्थापन म्हणून जे काही असतं त्यातला मोठा वाटा इतकाच क्षुल्लक असतो. दुसरं, शनिवारचं काम गुरुवारी ठरलेलं हवं. कोण येणार, कुणाकडे कुठली पाच मुलं, त्या मुलांचं मागच्या वेळी कुठे अडलं होतं, हे एका वहीत. आलेल्या माणसाच्या हातात दारातच ती वही पडावी. तुझं खरं काम शनिवारी नसतंच, ते आधीच्या दोन संध्याकाळी असतं. शनिवारी तू नुसती हिंडत राहा.

हिंडत राहा म्हणते, ते मुद्दाम. तू हाडाची कामसू, आईसारखी. सतरंजी दिसली की उचलणार, फळा दिसला की पुसणार. गाडगेबाबांनी आधी स्वतः गाव झाडलं आणि मग रात्री कीर्तन केलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यांच्यामागे लोक खराटा घेऊन उतरायचे, कारण ते गाडगेबाबा होते. आपण झाडायला लागलो की लोक म्हणतात, 'ताई करताहेत ना', आणि बाजूला उभे राहून गप्पा मारतात. हे कितीतरी संस्थांत पाहिलंय. जी बाई सगळं स्वतः करते तिच्या संस्थेत दुसऱ्या कुणाला काही करता येत नाही, आणि ती दमून बसली की संस्थाही बसते.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा तुला आठवत असेल, 2016 ते 2019. लोकांच्या लक्षात राहिला आमिर खान, आणि पहाटे कुदळी घेऊन निघालेली गावं. मला त्यातली मोठी वाटते ती आधीची तयारी. गावातली निवडक माणसं निवासी प्रशिक्षणाला जायची, उताराची मापं घ्यायला शिकायची, चर आणि बांध कुठे घ्यायचे हे समजून यायची. मग ठरलेल्या मुदतीत काम. नंतरच्या वर्षांत ती मुदत 8 एप्रिल ते 22 मे अशी पंचेचाळीस दिवसांची होती. 1 मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईहून शहरी माणसं यायची. त्यांनी कधी कुदळ धरलेली नसायची. पण कुठे खणायचं हे त्यांना शोधावं लागत नव्हतं. गावाने ते ठरवून ठेवलेलं असायचं. घाम गाळला आणि जाताना मागे वळून पाहिलं तर खणलेला चर दिसायचा. हे दिसणं फार मोलाचं. तुमच्या वर्गात ते कसं दाखवायचं याचा विचार कर. मी असं करेन: जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेऊन मोबाइलवर आवाज टिपून ठेवायचा, दिवाळीला पुन्हा तोच परिच्छेद. शिकवणाऱ्याला दोन्ही ऐकवायचे. शाल-श्रीफळाची गरज उरणार नाही.

मुदतीचं मात्र जास्त मनावर घे. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती साठच्या दशकाच्या अखेरीला. विदर्भातला मे महिना, सकाळी अंगमेहनत, नंतर व्याख्यानं आणि चर्चा. तिथे जाऊन आलेली माणसं म्हातारपणीही त्याबद्दल बोलताना सरसावून बसतात. त्या छावणीला शेवटचा दिवस असतो. आठवडाभर जीव ओतायला माणूस तयार होतो. 'आता दर शनिवारी येत जा' म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्यातून बाहेर कसं पडायचं ते त्याला दिसत नाही. मग तो पहिल्याच दिवशी जपून वागतो, किंवा हो म्हणतो आणि फोन उचलत नाही. तू असं विचार: जून ते दिवाळी, शनिवार, चार ते सहा, जमेल? दिवाळीला पुन्हा विचारेन, तेव्हा नाही म्हणायची पूर्ण मोकळीक. आणि दिवाळीला खरंच विचार. आपसूक पुढे चालू ठेवू नकोस. ज्याला नाही म्हणता येतं तोच मनापासून हो म्हणतो.

मुदती ठरवताना कोकणाचं पंचांग समोर ठेव, पुण्याच्या कुठल्या संस्थेचा नमुना नको. भाद्रपदात गणपती आले की तुझा एकही माणूस मिळणार नाही, आणि मिळू नये. शिमग्यात पालखी घरी येणार असेल तर अभ्यासवर्ग भरवायचा हट्ट कशाला? भात लावणीच्या दिवसांत आसपासच्या वाड्यांवरून येणाऱ्या पोरी शेतात असतात. पण याच सणांना मुंबईहून चाकरमानी येतात, मे महिन्यात तर मुलाबाळांसकट. त्यांना गावासाठी काहीतरी करायचं असतं आणि कुणी नीट काम देत नाही, म्हणून ते देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देऊन मोकळे होतात. त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांत संपणारी कामं बाजूला काढून ठेव: पुस्तकांना कव्हरं घालणं, बाकांना रंग, जुने संगणक सुरू करून देणं, दहावीच्या पोरांशी नोकऱ्यांविषयी मोकळं बोलणं. नर्स असेल, लोकोपायलट असेल, कुणी गोदीत असेल. पोरांना हे ऐकायला फार आवडतं.

कुणाला कुठलं काम द्यायचं हे परस्पर ठरवू नकोस. एखादे निवृत्त बँक मॅनेजर आले की आपण लगेच त्यांच्यापुढे जमाखर्चाची वही ठेवतो. अगं, ज्या माणसाने पस्तीस वर्षं आकडे पाहिले, त्याला कदाचित मुलांना गोष्टी सांगायच्या असतील. आणि निवृत्त शिक्षिकेला पुन्हा वर्ग नको असेल, तिला बाग लावायची असेल. नवा माणूस आला की आधी अर्धा तास चहा पी त्याच्याबरोबर. काय करायला आवडेल, काय मुळीच नको, किती वेळ आहे, घरच्यांना माहीत आहे का, हे विचार. घरच्यांचं विचारायला लाजू नकोस. आपल्याकडे सुनेने शनिवारी संध्याकाळी बाहेर जायचं तर घरात कुणीतरी भाकऱ्या थापायच्या राहतात. तिची सासू एकदा वर्गावर येऊन गेली, मुलांनी तिला आजी म्हटलं, तर पुढचं सोपं होतं.

पैशाचं बोलायला हवं, कारण चांगल्या संस्था तिथेच भाबडेपणा करतात. येण्याजाण्याचा खर्च द्यायचाच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी अर्धं तिकीटही पैसे देऊनच काढावं लागतं. 'ज्याला सेवा करायची तो तिकिटाचा हिशोब करत नाही' असं तुमच्या कार्यकारिणीत कुणीतरी म्हणेल. म्हणणारे बहुतेक स्वतःच्या गाडीने येणारे असतील. तिकीट न देणाऱ्या संस्थेत खाऊन-पिऊन सुखी घरांतलीच माणसं टिकतात, आणि मग तीच म्हणतात की वस्तीतले लोक पुढे येत नाहीत. खर्च मागायला लावू नकोस. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी व्हाउचर भरून सगळ्यांना पाकीट दे. ज्याला नको असेल तो देणगीची पावती घेईल.

आणि याच्या उलट टोकाचं. ज्या कामाला रोज चार-पाच तास लागतात, ज्यात चुकून चालत नाही, जे न केल्याने दुसऱ्या दिवशी बालवाडी बंद पडते, ते काम स्वयंसेवेचं नाही. त्याला पगार हवा. सरकारनेच या बाबतीत वाईट वळण लावून ठेवलंय. गावागावांत गरोदर बायकांच्या नोंदी ठेवणाऱ्या, रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणाऱ्या आशांना कागदोपत्री स्वयंसेविका म्हणायचं, आणि मग हक्काच्या मोबदल्यासाठी त्यांनी आझाद मैदानात जाऊन बसायचं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2022 मध्ये सांगावं लागलं. तुमच्या बालवाडीत खिचडी करणाऱ्या बाईंना तू मेसेजमध्ये दोनदा 'आमच्या जुन्या स्वयंसेविका' म्हणालीस. त्या रोज येतात ना? मग त्यांचा पगार ठरव, आणि तो ठरवायला पैसे नसतील तर अंदाजपत्रकातला वार्षिक स्नेहसंमेलनाचा मंडप काढून टाक. मी मंडपाचं भाडं पाहिलंय.

आता जरा कडक बोलते. वर्गात मुलं आहेत. कितीही ओळखीचा, कितीही प्रतिष्ठित माणूस असो, एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीही नाही. दार उघडं, आणि नेहमी दोन मोठी माणसं. मुलांना घरी सोडायलाही एकट्याने नाही. हा नियम सगळ्यांना, तुझ्या वडिलांनाही. नवीन माणसाची ओळख पटवून, पूर्वी जिथे काम केलं तिथे एक फोन करून मगच वर्गावर. मुलाबाबत काही वावगं घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. 'संस्थेचं नाव जाईल, आपसात मिटवू' असं म्हणणारा वडीलधारा माणूस प्रत्येक संस्थेत असतो. त्या क्षणी त्याचं वय पाहायचं नाही. तसंच कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. त्यात बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारी मुलगीही येते. पुष्कळ संस्थाचालकांना हे माहीतच नसतं. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. तुमची आहे का, ते मला फोनवर नको, कळव लिहून.

पुरासारखं संकट पुन्हा आलं तर उत्साहाने धावणाऱ्यांना आवरणं हेही तुझंच काम होईल. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने इथे सगळ्या रेषा ओलांडल्या, तेव्हा राज्यभरातून जुन्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले. भिजलेली, फाटकी, ब्लाउज नसलेल्या साड्यांची गाठोडी. ती वेगळी करायला जी पोरं गुंतली, ती प्यायच्या पाण्याच्या वाटपाला कमी पडली. पूरग्रस्त बायका ढिगाकडे पाहून तोंड फिरवत होत्या. त्यांच्या कपाटात आठवड्यापूर्वी धडधाकट साड्या होत्या. तेव्हा काय हवं आणि काय नको याची यादी पहिल्या दिवशी बाहेर गेली पाहिजे, आणि 'काय नको' ठळक अक्षरात. चिखलात उतरणाऱ्याला गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन. लेप्टोसाठी गोळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारून. कुणाच्या फॉरवर्डवरून नको. गमबूट नाहीत तर चिखलात उतरायचं नाही. पोरं ऐकत नाहीत, त्यांना शौर्य गाजवायचं असतं. अशा पोराला पाण्याच्या टँकरवर नोंदी घ्यायला बसव.

ज्या काकांबद्दल लिहिलंस त्यांचं काय करायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. बाकीचं सगळं त्याच्या आधीचं घोटाळणं. संस्था उभी केली, सतरंज्या उचलल्या, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजल्या, हे सगळं खरं. आणि आता ते नव्या मुलींना चारचौघांत झापतात, त्यामुळे दोघी गेल्या, हेही खरं. त्यांचं ऋण आहे म्हणून दोघींचं जाणं सोसायचं नाही. बैठकीत विषय काढू नकोस. तिथे त्यांच्या बाजूने चार जण भावुक होतील. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच नको. त्यांच्या घरी जा, काकूंसमोर नको, ओटीवर बस, आणि घडलं ते सांग: अमुक शनिवारी, अमुक शब्द, त्यानंतर ती आली नाही. 'लोक म्हणतात' असं म्हणू नकोस, 'मी पाहिलं' म्हण. वर्गावर यायचं तर हे चालणार नाही, हे तिथेच स्पष्ट सांग. रागावतील. बोलणं बंद करतील. महिनाभर थांब. मग त्यांना संस्थेच्या जुन्या आठवणी लिहून द्यायला सांग. हे सांत्वन म्हणून नाही, तुमच्याकडे पहिल्या दहा वर्षांचं इतिवृत्त धड नाही म्हणून. करतील तर उत्तम. नाही केलं आणि निघून गेले, तर जाऊ देत. त्यांना निरोप देताना गावभर कुरबुर होईल, ती तुला ऐकून घ्यावी लागेल. कार्यवाह पदाला मानधन नाही, ही कुरबुर मात्र आहे.

उलट ज्या मुलीचं तू भरभरून कौतुक केलंस, जी 'कधीच नाही म्हणत नाही', तिची मला काळजी वाटते. वर्ग तिच्याकडे, फोन तिच्याकडे, पोस्टर तिच्याकडे, आणि तिची बी.एड.ची परीक्षा तोंडावर. तिच्याकडून दोन कामं आजच काढून घे. तिला विचारू नकोस, ती नको म्हणेल.

ग्रुपचंही आवर. सकाळच्या सुप्रभाताखाली कामाचा निरोप गाडला जातो. कामाचा ग्रुप वेगळा, त्यात फक्त तू आणि आणखी एक जण लिहिणार. फोटो कमी. मुलांचे चेहरे तर पालकांना विचारल्याशिवाय मुळीच नाहीत.

शेवटी तू विचारलेलं. कॉलेजच्या एनएसएसची पोरं तुमच्याकडे येतात आणि तासांवर सही मागतात, म्हणून तुला वाईट वाटतं: 'यांना सेवा नको, सर्टिफिकेट हवं.' बाई गं, हवं असू दे. त्यांना दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, सात दिवसांचं शिबिर करायचं असतं. त्या निमित्ताने ती तुझ्या दारात आली, हे काय कमी आहे? कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी भेटून ठरवून घे की तुमच्याकडची पोरं गटाने न येता दोघं-दोघं येतील आणि एकाच वर्गाला चिकटतील. चाळीस जणांची रांग येऊन मैदान झाडून गेली तर मैदानाखेरीज कुणाला काही मिळत नाही. सही मात्र खऱ्या तासांवर. दोन तास बसून पाच लिहून मागणारा पोरगा येईल, आणि तो गोडही असेल. त्याला दोनच लिहून दे आणि उरलेल्या तीन तासांचं काम तिथल्या तिथे सांग. तिसरीच्या ज्या मुलांना जोडाक्षरं येत नाहीत, ती त्याच्याकडे दे.

मे महिन्यात येते आहे. तोवर तुझी वही सुरू झालेली असू दे, मला ती पाहायची आहे. ताईला नमस्कार, आणि तिला म्हणावं, गुडघ्याचं तेल पाठवलंय ते कपाटात ठेवायला नाही.

तुझी
मावशी